पोलादाची प्लेट, रशियन पोथी आणि कराचीची रात्र

बोटाएवढा पोलादाचा तुकडा. लांबी ५५ मिलिमीटर, रुंदी आणि जाडी १०-१० मिलिमीटर. मधोमध व्ही आकाराची २ मिलिमीटर खोल खाच. हा तुकडा उणे ६० अंश सेल्सियसपर्यंत गार करायचा, चिमट्याने उचलून यंत्राच्या दोन टेकूंवर आडवा ठेवायचा आणि वर अडकवलेला, लोलकासारखा झुलणारा जड हातोडा सोडून द्यायचा. गारव्यातून काढल्यापासून हातोडा बसेपर्यंत पाच सेकंदांच्या वर वेळ गेला तर चाचणी बाद, कारण तेवढ्यात पोलाद तापू लागतं. हातोडा तुकड्याला मोडून पलीकडे जातो. पलीकडे तो जितका कमी उंच चढेल तितकी जास्त ऊर्जा पोलादाने गिळली. मग मोडलेला तुकडा हातात घेऊन बघायचा: तुटलेली बाजू साखरेच्या खड्यांसारखी चमकत असेल तर पोलाद ठिसूळ; मळकट, तंतूतंतूंची दिसली तर चिवट.

भारताच्या युद्धनौका ज्या पोलादाच्या बनतात त्याचं नाव डीएमआर २४९ए. या पोलादाने उणे ६० अंशांवर किमान ७८ ज्यूल ऊर्जा गिळलीच पाहिजे. म्हणजे आठ किलोचं वजन मीटरभर उचलायला लागते तेवढी, आणि ती एवढ्याशा तुकड्याने.

पण उणे ६० कशाला? मुंबई, कोची, विशाखापट्टणम. आपल्या कुठल्या बंदरात बर्फ पडतो? अरबी समुद्र तर हिवाळ्यातही कोमटच. मग सैबेरियाला शोभेल अशी परीक्षा आपल्या पोलादाने का द्यायची?

उत्तर फार सुंदर आहे. पोलाद दोन प्रकारे ठिसूळ होतं. एक, ते खूप गार झालं तर. दोन, त्यावर घाव फार झटकन बसला तर. हळूहळू वाकवलं तर जे पोलाद निमूट वाकतं, तेच एका क्षणात तडाखा बसला की वाकायला वेळ न मिळाल्यामुळे तडकतं. धातूच्या आतले कणांचे थर एकमेकांवरून सरकले की धातू वाकतो, आणि सरकायला त्यांना सवड लागते. गारठा ती सवड कमी करतो आणि वेगही तीच कमी करतो. जहाजाजवळ सुरुंग किंवा क्षेपणास्त्र फुटलं तर तो घाव हजारांश सेकंदांत बसतो. असा स्फोट रोज प्रयोगशाळेत घडवता येत नाही. म्हणून त्या वेगाची कसर थंडीने भरून काढायची! उणे ६० अंशांवर जे पोलाद चिवट राहिलं, ते उबदार समुद्रात स्फोटाच्या तडाख्यालाही चिवट राहण्याची खात्री पुष्कळ वाढते.

ही अक्कल जगाला महागात मिळाली. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ नावाचं नवंकोरं तेलवाहू जहाज मोठा आवाज करून मधोमध दुभंगलं. ना शत्रू, ना वादळ. तडा खालच्या तळापर्यंत गेला. अशा तुटलेल्या जहाजांच्या अभ्यासातूनच पोलादाची चिवटाई मोजण्याचं शास्त्र आजच्या पातळीला पोहोचलं.

आता मी हे सगळं भिलाईच्या सेक्टर २ मधून का सांगतो आहे? कारण ही प्लेट आमच्या गावची आहे.

सेक्टर २ म्हणजे कारखान्याच्या अंगणातली वस्ती. नंबर लावलेल्या सरळ स्ट्रीट, एकासारखी एक क्वार्टर्स, झाडं, भिलाई विद्यालय, आणि पाळी बदलायच्या वेळी रस्त्याला लागणाऱ्या दुचाक्या. यातली कितीतरी कुटुंबं विदर्भातून आलेली. मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरहून गाडीत बसलं की काही तासांत दुर्ग-भिलाई. आणि नातं त्याहूनही जुनं आहे: २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्या राज्याची राजधानी नागपूरच होती. चार वर्षांत, ४ फेब्रुवारी १९५९ ला, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. दल्ली-राजहराच्या डोंगरांतलं खनिज भिलाईत येऊन वितळू लागलं.

चार वर्षांत भाताच्या शेतांवर पोलाद कारखाना! यंत्रं जहाजांनी आली, हे आपण वाचतो. पण यंत्रांबरोबर काय आलं, ते फारसं कोणी सांगत नाही. कागद आले. ढीगच्या ढीग आराखडे, चालवण्याच्या आणि दुरुस्तीच्या पुस्तिका, कुठला व्हॉल्व कोणत्या क्रमाने उघडायचा याचे तक्ते, आणि मूळ सगळं रशियनमध्ये. आपले तरुण इंजिनियर सोव्हिएत कारखान्यांत जाऊन शिकले, दुभाषे बसले, शब्दकोश झिजले. हजाराहून अधिक अंशांवर वितळलेलं लोखंड ज्यांच्या हाताखाली वाहणार होतं त्यांना आधी एका परक्या लिपीतला मजकूर पचवावा लागला. भिलाईतल्या प्राणिसंग्रहालयाचं नाव मैत्रीबाग आहे ते भारत-सोव्हिएत मैत्रीचं.

हे लक्षात ठेवा, कारण अगदी अशीच गोष्ट पुढे पंधरा वर्षांनी समुद्रावर घडली. फक्त तिथे पुस्तिका क्षेपणास्त्राच्या होत्या.

२१ ऑक्टोबर १९६७. इजिप्तच्या पोर्ट सैद बंदरातून दोन चिमुकल्या नौकांनी क्षेपणास्त्रं सोडली आणि इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडाली. नौकेवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने युद्धनौका बुडण्याची इतिहासातली ही पहिली वेळ. जगभरच्या नौदलांची झोप उडाली. तोवरचा हिशेब असा होता की मोठ्या जहाजावर मोठी तोफ आणि मोठ्या तोफेला मोठं जहाज. आता खाडीत लपेल एवढी नौका हजारो टनांच्या जहाजाला तळाला पाठवू शकत होती.

ते क्षेपणास्त्र सोव्हिएत पी-१५. पाश्चात्त्यांनी त्याला ‘स्टिक्स’ म्हटलं. भारताने ते घ्यायचं ठरवलं, आणि ते वाहणाऱ्या ओसा वर्गाच्या आठ नौकाही. नावं ऐका: वीर, विद्युत, विजेता, विनाश, निपात, निर्घात, निर्भीक, नाशक. प्रत्येक नौका जेमतेम ३९ मीटर लांब, वजन सव्वादोनशे टनांच्या आतबाहेर, माणसं तीसेक. पण पोटात तीन डिझेल इंजिनं, आणि एकेका इंजिनाला किती सिलिंडर असावेत? ४२! सहा-सहाच्या सात रांगा चाकाच्या आऱ्यांसारख्या मधल्या दांड्याभोवती बसवलेल्या. एकेक इंजिन सुमारे ४,००० अश्वशक्तीचं. एवढ्या जोरावर ती नौका ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने पाणी कापत जायची.

आणि डेकवर चार बंद पेट्या, प्रत्येकीत एक क्षेपणास्त्र. सुमारे सहा मीटर लांब, दोन टनांहून जड, छोट्या विमानासारखे पंख. पेटीचं दार उघडतं, खाली बांधलेला घन इंधनाचा धक्का-रॉकेट पेटतो, काही सेकंदांत त्याला वेगात आणून सोडतो आणि स्वतः गळून समुद्रात पडतो. पुढचं काम मुख्य इंजिनाचं. त्यात दोन द्रव असतात आणि त्यांची खासियत अशी की एकमेकांना स्पर्श होताच ते आपोआप पेटतात. काडी नको, ठिणगी नको. उडताना हे वरदान. जमिनीवर मात्र साक्षात मृत्यू. हे द्रव विषारी आणि चामडी जाळणारे, म्हणून भरणाऱ्यांनी नखशिखांत रबरी पोशाख आणि मुखवटा घालायचा. आधी एक द्रव, मग सगळं धुऊन-पुसून, मग दुसरा. इथे पुस्तिकेतली एक ओळ गाळणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

मग ते उडतं कसं? दिशा राखायला आत जायरो असतो, म्हणजे गरगर फिरणारा भोवरा. भोवरा फिरत असला की तो आपली आस सोडत नाही. क्षेपणास्त्र डावी-उजवीकडे कललं तर भोवऱ्याच्या तुलनेत ते लगेच कळतं आणि पंखांवरच्या पट्ट्या त्याला सरळ करतात. पण हा भोवरा सोडण्याआधीच पुरेसा फिरायला हवा आणि त्याला नेमकी दिशा द्यायला हवी, आणि तेही लाटांवर डुलणाऱ्या नौकेवर! हवेच्या दाबावरून उंची राखली जाते. शेवटच्या टप्प्यात नाकातलं छोटं रडार जागं होतं, समोर लहरी सोडतं आणि जो मोठा प्रतिध्वनी येईल त्याच्यावर नजर रोवतं. तिथून पुढे नौकेवरच्या माणसाच्या हातात काही उरत नाही. अर्ध्या टनाच्या आसपास स्फोटकं घेऊन ते स्वतःच स्वतःला नेतं.

आता त्या तीस माणसांचा विचार करा. यातला कोणी सातारचा, कोणी कोकणातला, कोणी पंजाबचा, कोणी केरळचा. जायरो किती वेळ आधी फिरवायचा, कोणता दिवा लागल्यावर कोणता खटका दाबायचा, दार उघडलं नाही तर काय करायचं, क्षेपणास्त्र पेटलं पण सुटलंच नाही तर काय करायचं, हे सगळं रशियनमध्ये लिहिलेलं. म्हणून आपल्या नौसैनिकांना सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकाला, व्लादिवोस्तोकला पाठवलं गेलं. गोठलेल्या समुद्राकाठी ते आधी रशियन शिकले, मग क्षेपणास्त्र. आपल्याकडे शस्त्रखरेदीच्या बातम्या येतात त्यात कोटींचे आकडे असतात. माझ्या मते खरी खरेदी ही असते: माणसाच्या डोक्यात उतरलेली पुस्तिका. ती नसेल तर चार पेट्या म्हणजे चार लोखंडी पेट्या.

सैन्याची पुस्तिका म्हटलं की कंटाळवाणं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण जरा थांबून विचार करा, किती अवघड लेखन आहे हे! वाचक थकलेला, घाबरलेला, अंधारात, हात थरथरत असलेला. वाक्याचा एकच अर्थ निघाला पाहिजे. एका ओळीत एकच कृती. सावधगिरीची सूचना कृतीच्या आधी, नंतर नाही. कारण वाचणारा वाचता वाचता हात चालवत असतो. १९४३ साली जर्मनांनी टायगर रणगाड्याची पुस्तिका काढली ती चक्क यमकांत आणि व्यंगचित्रांत, कारण विशीतल्या पोरांना कोरडं गद्य लक्षात राहत नाही हे त्यांना कळलं होतं. अमेरिकी लष्कराने १९५१ पासून विल आइस्नर या नामांकित चित्रकथाकाराला कामाला लावलं. त्याच्या चित्रमय मासिकातून सैनिक वंगण घालायला आणि यंत्र साफ ठेवायला शिकले. वीस वर्षं त्याने ते केलं.

आणि मराठीत? १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेलं आज्ञापत्र आठवा. राज्यकारभाराच्या या ग्रंथात दुर्गांवर प्रकरण आहे आणि आरमारावरही. आरमाराचं लाकूड कुठून आणायचं, हेही त्यात आहे. सागवान वगैरे परवानगीने तोडून न्यावं. आंबा-फणसही आरमाराच्या कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला दोन गोष्टी पक्क्या माहीत होत्या. एक, लढाऊ जहाजाची गोष्ट समुद्रावर सुरू होत नाही, कच्च्या मालापाशी सुरू होते. दोन, नियम लिहून ठेवायचा असतो, आणि कारणासकट लिहायचा असतो. कारण कळलं की माणूस नियम नुसता पाळत नाही, तो वापरतो.

हे कारण कळणं किती मोलाचं, ते १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात दिसलं.

ओसा नौका बनवल्या होत्या किनारा राखायला. इंधन थोडं, पल्ला थोडा. बंदराच्या तोंडाशी दबा धरून बसायचं, शत्रू आला की बाहेर पडून मारायचं आणि परत यायचं. त्या भारतात आल्या त्या मोठ्या मालवाहू जहाजांवर लादून, आणि उतरवल्या कलकत्त्याला, कारण एवढं वजन उचलणाऱ्या याऱ्या तिथे होत्या. तिथून मोठ्या जहाजांनी दोर बांधून त्यांना ओढत अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालून मुंबईला आणलं. आणि इथे कुणाच्या तरी लक्षात आलं: अरे, ओढत कलकत्त्याहून मुंबईला येतात, तर मग मुंबईहून आणखी पुढे का नाही? पल्ला कमी आहे तो स्वतःच्या इंधनावर. सोबत मोठी जहाजं असतील, तेल देणारं जहाज असेल, तर किनाऱ्याचा हा पहारेकरी शत्रूच्या बंदरापर्यंत नेता येईल!

दुसरी गंमत रडारची. पृथ्वी गोल आहे, म्हणून छोट्या नौकेच्या ठेंगण्या डोलकाठीवरच्या रडारला क्षितिजापलीकडचं दिसू नये. पण हिवाळ्यात जमिनीवरून कोरडी, उबदार हवा अरबी समुद्राच्या दमट हवेवर पसरते, आणि पाण्यालगत हवेचा असा एक थर तयार होतो की त्यात शिरलेली रडारची लहर वर निसटत नाही. पृथ्वीच्या वळणाबरोबर वाकत क्षितिजापलीकडे जाते आणि तशीच परत येते. ओसाचं रडार मोठी जहाजं अपेक्षेहून बरंच लांबून दाखवू लागलं. हा थर कुठल्या कारखान्यात बनला नव्हता. तो आपल्या समुद्राचा होता, आणि ज्यांनी या पाण्यात सराव केला त्यांनाच तो सापडला.

नौदलप्रमुख होते ॲडमिरल एस. एम. नंदा. त्यांचं बालपण कराची बंदराच्या तोंडाशी असलेल्या मनोरा बेटावर गेलेलं. ज्या बंदरावर हल्ला करायचा त्याचं पाणी आणि वाटा त्यांना लहानपणापासून ठाऊक.

४ डिसेंबर १९७१. निपात, निर्घात, वीर. बरोबर किल्तान आणि कच्छल या मोठ्या नौका, आणि तेल पुरवायला पोषक. नेतृत्व कमांडर बब्रुभान यादव यांचं. दिवसभर कराचीपासून लांब, शत्रूच्या विमानांच्या टप्प्याबाहेर थांबायचं आणि अंधार पडला की उत्तरेला सुटायचं. रात्री पावणेअकराच्या सुमारास निर्घातच्या रडारवर एक जहाज दिसलं. पाकिस्तानची विनाशिका खैबर. निर्घातने पहिलं क्षेपणास्त्र सोडलं.

खैबरवरच्या लोकांना अंधारात एक झगमगता ठिपका आपल्याकडे येताना दिसला. त्यांना ते विमान वाटलं. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या. तडाखा बसल्यावर त्यांनी कळवलं ते असं की शत्रूच्या विमानाचा हल्ला झाला आहे. आपल्याला काय लागलं हेच त्यांना कळलं नाही! समुद्रावर क्षेपणास्त्राचं युग सुरू होऊन चार वर्षं झाली होती, पण त्या डेकवर ते पोहोचलं नव्हतं. दुसऱ्या क्षेपणास्त्राने खैबर बुडाली. दोनशेहून अधिक नौसैनिक तिच्याबरोबर गेले. त्यांचाही आदर करूनच ही गोष्ट सांगायला हवी.

त्या रात्री निपातने दारूगोळा नेणारं ‘व्हीनस चॅलेंजर’ बुडवलं आणि वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंगशोधक नौका. आपली एकही नौका गमावली नाही. चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री खवळलेल्या समुद्रात विनाश ही एकच क्षेपणास्त्र नौका पुन्हा कराचीसमोर गेली आणि चारही क्षेपणास्त्रं सोडून आली. त्यातलं एक कराची बंदरातल्या केमारीच्या तेलटाक्यांवर पडलं. जहाज शोधायला बनवलेलं रडार जमिनीवरच्या टाकीवर गेलं कसं? त्याला जहाज आणि टाकी यांतला फरक कुठे कळतो! त्याला हवा असतो मोठा, ठळक प्रतिध्वनी, आणि किनाऱ्यावर उभ्या अजस्र लोखंडी टाक्यांइतका ठळक प्रतिध्वनी दुसरा कुठला? हे ज्याला आतून उमगलं त्यानेच ही चाल रचली.

नौदलाच्या आठवणींत आणखी एक गोष्ट येते: या मोहिमांत नौकांनी आपसात बिनतारी बोलणं रशियनमध्ये केलं. व्लादिवोस्तोकच्या वर्गात बर्फ बघत घोकलेली भाषा कराचीसमोर कामी आली. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन झाला तो या रात्रीवरून.

पुस्तिका पाठ असलेला माणूस शस्त्र चालवतो. पुस्तिकेतला प्रत्येक नियम का आहे हे ज्याला कळलं, त्याला तिच्यात काय लिहायचं राहिलं आहे तेही दिसतं. १९७१ चा विजय मी या दुसऱ्या प्रकारच्या वाचनाचा मानतो.

आता परत पोलादाकडे. युद्धनौकांचं पोलादही आपण सोव्हिएत संघाकडूनच आणत होतो. १९९१ मध्ये तो देशच राहिला नाही. कारखाने वेगवेगळ्या देशांत विखुरले, पुरवठ्याचा भरवसा गेला. जहाज बांधायचं तर पोलाद हवं, आणि पोलाद तर दुसऱ्याच्या पाककृतीचं! हैदराबादच्या संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने ही पाककृती स्वतः शोधायचं ठरवलं. डीएमआर ही अक्षरं तिथली.

काम वाटतं तितकं सोपं नाही. पोलाद कठीण करायचं तर कार्बन वाढवा, हा लोहाराचा जुना मार्ग. पण कार्बन वाढला की ठिसूळपणा येतो आणि वेल्डिंगपाशी तडे जातात. जहाज तर अख्खं वेल्डिंगवरच उभं. मग कार्बन फार कमी ठेवायचा आणि ताकद दुसरीकडून आणायची: थोडं निकेल, चिमूटभर नायोबियम, व्हॅनेडियम. हे चिमूटभर धातू पोलादातले स्फटिक वाढू देत नाहीत. स्फटिक जितके बारीक तितक्या त्यांच्यामधल्या सीमा जास्त, आणि निघालेल्या तड्याला प्रत्येक सीमेवर नव्याने वाट काढावी लागते. पोलादाची ताकद आणि चिवटाई दोन्ही एकदम वाढवणारा हा जवळजवळ एकच उपाय आहे; बाकी सगळ्या उपायांत एक वाढलं की दुसरं घटतं.

प्रयोगशाळेत काही किलो जमणं वेगळं आणि कारखान्यात शेकडो टन तसंच्या तसं जमणं वेगळं. भिलाईच्या प्लेट मिलमध्ये ३.६ मीटर रुंदीपर्यंतच्या प्लेटा लाटल्या जातात. लालभडक स्लॅब रुळांवरून येतो, रोलांमधून पुढे-मागे, पुढे-मागे जातो, दर फेरीत पातळ होतो. कोणत्या तापमानाला किती दाबायचं हे ठरलेलं. थोडं आधी किंवा थोडं उशिरा झालं तर स्फटिक बिघडतात, आणि मग तो गारठवलेला तुकडा हातोड्याखाली मोडून चमकतो. प्लेट नापास. इथेही ओळीमागून ओळ असलेली लेखी पद्धत, सहीसकट. पाळीवर जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांचं युद्ध हेच.

या पोलादाने काय उभं राहिलं? २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीला नौदलात आलेली नवी विक्रांत. तिचं सुमारे ३०,००० टन खास पोलाद सेल या सरकारी पोलाद कंपनीच्या भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतून गेलं. आज आपल्या युद्धनौका स्वदेशी पोलादाच्या बनतात. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली विशाखापट्टणम ही विनाशिका २१ नोव्हेंबर २०२१ ला नौदलात दाखल झाली. तिच्या डेकखाली उभ्या नळ्यांमध्ये १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रं बसतात.

स्टिक्सच्या तुलनेत ब्राह्मोस काय आहे? स्टिक्स आवाजाच्या वेगाहून थोडं हळू जायचं. ब्राह्मोस आवाजाच्या २.८ पट वेगाने जातं, म्हणजे सेकंदाला जवळपास एक किलोमीटर. त्याचं इंजिन रॅमजेट. विमानाच्या इंजिनात हवा दाबायला फिरती पाती असतात; इथे एकही पातं नाही. क्षेपणास्त्र इतक्या वेगात असतं की समोरची हवा आपल्याच वेगाने आत कोंबली जाते, दाबली जाते, तिच्यात इंधन जळतं. अडचण एकच: थांबलेलं रॅमजेट चालूच होत नाही. म्हणून आधी घन इंधनाचा धक्का देऊन त्याला वेगात आणावं लागतं, स्टिक्ससारखंच. ब्रह्मपुत्रा आणि मॉस्क्वा या दोन नद्यांवरून नाव घेतलेल्या या क्षेपणास्त्राची पहिली चाचणी १२ जून २००१ ला झाली.

समुद्राला घासत येणारं असं क्षेपणास्त्र क्षितिजावर दिसतं तेव्हा ते पंचवीस-तीस किलोमीटरवर असतं. उरतात सुमारे तीस सेकंद. तेवढ्यात ओळखायचं, ठरवायचं, उलट क्षेपणास्त्र सोडायचं. तीस सेकंदांत पान उलटून वाचायला वेळ कुठे? म्हणून पुस्तिकेतला निर्णयाचा बराच भाग आता संगणकात उतरला आहे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका पडद्यावर आल्या आहेत. भाग निवडला की तो फिरवून, उकलून दिसतो. ओळ मात्र अजून कोणा माणसानेच लिहिलेली असते.

हे जवळून बघायचं असेल तर कारवारला जा. गोव्याची हद्द ओलांडली की तासाभरात रवींद्रनाथ टागोर किनारा लागतो, आणि तिथे वाळूवर आयएनएस चपल ही ओसा वर्गाचीच, १९७६ साली नौदलात आलेली क्षेपणास्त्र नौका उभी आहे. आता ते संग्रहालय आहे. मुलांना घेऊन आत जा. क्षेपणास्त्राच्या पेट्या बघा, इंजिनकक्षात वाकून उतरा, माणसं किती अरुंद जागेत झोपायची ते बघा, आणि खटक्यांशेजारी काही लिहिलेलं आढळलं तर ते मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या.